लेण्याद्रीच्या पायऱ्या, माळीणची वाट

लेण्याद्रीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे कातळात एका ओळीत कोरलेली दारे दिसतात. तिथवर पोहोचायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळच्या उन्हात चढणाऱ्यांत नवविवाहित जोडपी असतात, निकाल जवळ आलेले विद्यार्थी असतात, दर वीस पायऱ्यांनी गुडघ्यावर हात टेकून थांबणाऱ्या आजीबाई असतात आणि ज्यांना चढणे शक्यच नाही त्यांना खांद्यावरून नेणारे डोलीवालेही असतात. प्रत्येकाचे काही ना काही मागणे असते. कोणाला नोकरी हवी असते, कोणाला अपत्य, कोणाला दुखण्यातून सुटका. कोणाचे मागणे एवढेच की घरातला तंटा मिटावा. सुख म्हणजे काय असे विचारले तर यांपैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. पण सुखाच्या आड नेमके काय येत आहे, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते.

जगातल्या अभ्यासकांनीही सुख मोजण्यासाठी पायऱ्यांचीच कल्पना वापरावी, हा एक गमतीचा योग. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालासाठी लोकांना एक शिडी डोळ्यांसमोर आणायला सांगतात. सर्वांत खालची पायरी शून्य, सर्वांत वरची दहा. आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, ते ज्याने त्याने सांगायचे. या उत्तरांच्या सरासरीवरून देशांचे क्रम लागतात. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षे फिनलंड पहिला राहिला. २०२५ च्या अहवालात भारताचा क्रमांक १४७ देशांत ११८ वा होता. या आकड्यांवर फार विसंबावे असे नाही. स्वतःला वरच्या पायरीवर ठेवणे हा आपल्याकडे काहीसा उद्धटपणा मानला जातो. खुशाली विचारली तर ‘चाललंय’ म्हणण्याची ज्या समाजाची रीत आहे, त्या समाजाचा क्रमांक खाली लागला तर नवल नाही. तरीही त्या अहवालातल्या एका गोष्टीकडे लेण्याद्रीच्या माथ्यावर पुन्हा वळावे लागते.

गिरिजात्मज गणपतीचे स्थान असलेले ७ क्रमांकाचे लेणे हा मुळात बौद्ध विहार. मध्ये एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन, दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या. मागच्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी आज गाभारा आहे. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या खोल्या निरखायला भरपूर वेळ मिळतो. एका माणसाने पाठ टेकावी, डोळे मिटून बसावे, एवढीच जागा. एकांत हवा असणाऱ्यासाठी ती पुरेशी आहे. पण प्रत्येक खोलीचे दार उघडते ते सर्वांच्या दालनात. घरदार सोडून आलेल्या माणसांनासुद्धा नुसता एकांत पुरणार नाही, खोलीबाहेर पाऊल टाकताच दुसऱ्याचे तोंड दिसले पाहिजे, हे डोंगर कोरणाऱ्यांनी ओळखले असावे.

जुन्नरच्या भोवतीचे डोंगर अशा लेण्यांनी भरलेले आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या चार ठिकाणच्या लेण्यांत सामान्य प्रवासी बहुधा पहिलेच पाहून परततो. शिवनेरीला जाणाऱ्याचे पाय १६३० मधल्या शिवजन्माच्या स्थानाकडे वळतात आणि ते योग्यच आहे. त्याच डोंगराच्या पोटात लेणी आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मानमोडीकडे तर फारच थोडे फिरकतात. तिथल्या एका लेणीसमूहाला अंबिकेचे नाव आहे. अंबिका ही नेमिनाथांची यक्षी. उत्तरकाळात त्या कातळाला जैन मूर्तींचाही सहवास लाभला, याची ही खूण.

या लेण्यांचे खरे धन म्हणजे त्यांतले ब्राह्मी लेख. ते लहान आहेत, बरेचसे एका-दोन ओळींचे. त्यांत उपदेश नाही. कोणी काय दिले एवढेच आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. आजच्या भाषेत सांगायचे तर पैशाच्या व्यवहारातले घराणे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघाने, एक लेणे आणि पाण्याचे टाके दिले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी टाके आणि मंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. अडुथुम नावाच्या शक उपासकाच्या लेखात २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दिल्याचे वाचन अभ्यासकांनी केले आहे. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे.

ठेवीचा हा व्यवहार कसा चाले, ते नाशिकच्या पांडवलेण्यातल्या उषवदाताच्या लेखावरून स्पष्ट होते. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यायची. हिशेब करून पाहावा. २००० वर वर्षाचे व्याज २४० आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही २४०. एक कार्षापण उरत नाही, एक कमी पडत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्या मागे आपली इच्छा चालू राहावी म्हणून केलेली ही तजवीज पाहिली, की हिशेबाच्या वहीलाही माया असते असे वाटू लागते.

नाणेघाट जवळच आहे. सातवाहन राणी नागणिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिथे आहे. घाटातून वर येणाऱ्या मालाने जुन्नरची पेठ श्रीमंत झाली. त्या श्रीमंतीतले काय उरले याचा विचार केला, तर उरली ती टाकी आणि मंडप. व्यापाऱ्यांचे वाडे गेले, नाणी मातीत गेली. चिट यवनाने दिलेल्या भोजनमंडपाची नोंद मात्र अजून वाचता येते. २०२५ च्या आनंद अहवालातल्या ज्या गोष्टीकडे वळावे लागते ती हीच. त्या अहवालात एक स्वतंत्र प्रकरण दुसऱ्यांबरोबर बसून जेवण्यावर आहे, आणि आठवड्यातली अधिक जेवणे इतरांच्या सोबतीने घेणारी माणसे आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान व्यक्त करतात, असे त्यात आढळले. दानाविषयीही असाच एक साधा प्रयोग आहे. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. सकाळी काही लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन, संध्याकाळपर्यंत काहींनी ते स्वतःवर आणि काहींनी दुसऱ्यावर खर्च करावेत असे सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी होते. रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही. टाके खोदवणाऱ्या इरिलाला हे वाचून आश्चर्य वाटले नसते.

जुन्नरहून नारायणगावकडे उतरले की मुलूख बदलतो. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या पाण्याने पूर्वेकडची जमीन हिरवी केली. ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो. नारायणगावच्या उपबाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात आणि सारा परिसर भावाच्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतो. २०२३ च्या जुलैत तो आकडा असा चढला की काही शेतकऱ्यांच्या हाती एका हंगामात कोटीची रक्कम आली. ज्या वर्षी तो कोसळतो त्या वर्षी तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून माल बांधावर टाकून द्यावा लागतो. शेतकऱ्याच्या मनःस्वास्थ्याचा विचार करताना उत्पन्न किती, यापेक्षा ते किती बेभरवशाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पगारदाराला महिन्याचा आकडा आधीच ठाऊक असतो. म्हणून त्याला रात्रीची झोप ही सहज मिळणारी वस्तू वाटते.

फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत २२ लॉटरी विजेत्यांना त्यांच्या सुखाविषयी विचारले. सामान्य माणसांच्या तुलनेत ते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी असल्या रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला होता. २०२३ च्या टोमॅटोनंतर कोणाची न्याहारी बेचव झाली का, हे कोणी तपासलेले नाही. मात्र पैसा आल्याने सुख वाढतच नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यावरून काढू नये. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज थकलेले आहे, त्याच्यासाठी ते फिटणे हेच मानसिक आरोग्य असते.

या हिरव्या मुलखात आणखी एक ओझे आहे, ते म्हणजे भीतीचे. ऊस वाढला, उसात बिबट्या स्थिरावला. मादी उसातच पिले घालते. तोडणी सुरू झाली की ती सापडतात. मळ्यातली घरे एकमेकांपासून दूर, मध्ये माणसाहून उंच ऊस, आणि शेतीपंपांना वीज मिळते ती पुष्कळदा रात्री. पाणी धरायला अंधारात जावेच लागते. दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी कागदावर विजेची असली, तरी ती मुळात झोपेची आणि जीवाची मागणी आहे. संध्याकाळ झाली की अंगणातली मुले घरात ओढली जातात. ज्या घरांनी लेकरू गमावले आहे, त्यांच्यापुढे सहजीवनाच्या गोष्टी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या बिबट्यांवर झालेल्या एका संशोधनाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, यामुळे माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. आपल्या ठिकाणापासून तोडलेला प्राणी अधिक अस्वस्थ आणि अधिक धोकादायक होतो. आता उसात पिले सापडली की वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसे ती तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. पश्चिमेकडच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांत वाघोबाचे ठाणे असते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. भीतीला एक नाव, एक जागा आणि वर्षातला एक दिवस देऊन टाकण्याची ही जुनी रीत आहे. तिने बिबट्या दूर जात नाही. पण उरलेले दिवस कामाला मोकळे होतात.

नारायणगावहून परत जुन्नर गाठून दक्षिणेला निघाले, की मीना नदीचे खोरे ओलांडून रस्ता घोडेगावला येतो. हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते आंबेगाव मात्र नकाशावर पाण्यात आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात ते बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झालेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा.

जे पाणी पूर्वेच्या उसाला आणि टोमॅटोला गेले, ते इथल्या भातखाचरांवरून गेले. ही गोष्ट नारायणगावच्या बाजारात उभे राहून कळत नाही, डिंभ्याच्या काठावर कळते. काठच्या वाड्यांतल्या लोकांची चांगली जमीन पाण्याखाली गेली, उरला उतार. अशा माणसांच्या मनाचे काय होत असेल, याचे उत्तर बाहेरून येणारा दोन प्रकारे देतो. एक तर तो हळहळतो. नाहीतर निसर्गाच्या कुशीतली ही माणसे किती समाधानी, असे म्हणून छायाचित्र काढतो. दुसरा प्रकार अधिक वाईट.

स्वभावाला औषध नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगेन यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून जवळपास तेच सांगितले: माणसामाणसांतल्या सुखाच्या फरकात निम्म्याच्या आसपास वाटा जन्मजात असतो. अधिक सुखी होण्याची धडपड ही उंची वाढवण्याच्या धडपडीइतकीच व्यर्थ, असेही त्यांनी तेव्हा लिहिले. पुढे लिकेन यांनी हे विधान स्वतःच मागे घेतले, हे फारसे सांगितले जात नाही. कोणी जात्या हसरा असतो, कोणी कुढ्या, हे खरेच. प्रत्येक घरात दोन्ही नमुने सापडतात. परंतु माणूस दिवसभर नुसता आपला स्वभाव घेऊन बसून राहत नाही. तो कोणाबरोबर काम करतो, कोणाच्या हाकेला जातो, त्याच्या हाकेला कोण येते, यावरही त्या दिवसाचा रंग ठरतो.

या बाबतीत आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्याकडे दाखवण्यासारखी एक रीत आहे. तिचे नाव पडकई. डोंगरउतारावर भात पिकवायचे तर आधी खाचर घडवावे लागते: उतार फोडायचा, दगड निवडून बांध रचायचा, मागे माती भरून सपाटी करायची. एका कुटुंबाच्या आवाक्यातले हे काम नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी वाडीतली माणसे मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या उतारावर राबतात. मजुरी नाही, ज्याचे शेत त्याच्या घरचे जेवण, आणि आपली पाळी येईल तेव्हा तेच हात आपल्याकडे. देशावरच्या इर्जिकेची आणि सावडीची ही डोंगरातली बहीण. कुढ्या माणसालाही पडकईला जावे लागते आणि गेल्यावर त्याला चार शब्द बोलावे लागतात. दिवसाअखेर बांध किती लांबला ते डोळ्यांना दिसते. उद्या कुठे जायचे तेही ठरलेले असते. नैराश्याच्या विकारात मनोविकारतज्ज्ञ औषधासोबत ठरलेली कामे, लोकांत मिसळणे, दिवसाला आकार देणे यांचा आग्रह धरतात. वाडीने हे भातासाठी बसवले होते. मनालाही त्याचा उपयोग झाला.

विस्थापनानंतर या लोकांना पुन्हा उभे करण्यात शाश्वत या संस्थेचा, आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांचा मोठा वाटा आहे. पडकईला बळ मिळाले, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसता येऊ लागली आणि जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यावर होडी घालायची, हे पोटासाठी जितके कठीण तितकेच मनासाठी. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला.

डिंभ्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि माळीणकडे वळतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि जवळपास अख्खे गाव चिखलाखाली गेले. श्रावण नुकताच लागला होता. नागपंचमी दोन दिवसांवर होती. सकाळच्या एस.टी.चा चालक तिथे पोहोचला तेव्हा त्याला गाव जागेवर दिसेना. बाहेरच्या जगाला पहिली बातमी मिळाली ती त्याच्याकडून. १५१ माणसे गेली. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. कारणांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. अतिवृष्टीबरोबर उतारांवर यंत्रांनी केलेल्या जमीन सपाटीकरणाचेही नाव घेतले गेले. ते कितपत कारणीभूत, हे भूशास्त्रज्ञांनी ठरवावे. पण हातांनी, दगड ओळखून, थोडेथोडे होणारे काम आणि एका दिवसात उतार कापणारे यंत्र यांना एकाच नावाने ओळखता येणार नाही, एवढे कोणालाही समजण्यासारखे आहे.

वाचलेल्यांत बरेचसे असे होते की जे त्या सकाळी गावात नव्हते. कोणी नोकरीच्या गावी, कोणी शिक्षणासाठी बाहेर. आपण तिथे नव्हतो म्हणून वाचलो ही गोष्ट सुटकेची वाटायला हवी; प्रत्यक्षात ती टोचणी होऊन राहते. अशा माणसाला भेटायला येणारा म्हणतो, देवाने वाचवले. ऐकणाऱ्याच्या मनात उरलेल्यांचे काय हा प्रश्न येतो आणि तो गप्प राहतो. शोकाची एक भाषा असते. घरातली चार माणसे मिळून ती बोलतात. इथे घरेच्या घरे गेल्यामुळे ती बोलायला माणूस उरले नव्हते. त्यात गावकीच्या आठवणींचा साठाही गेला. कोणाच्या लग्नात पाऊस आला होता, कोणाच्या बैलाने कोणाला पाडले होते, हे ज्यांना ठाऊक तेच नाहीसे झाले. माणसाचे व्यक्तिमत्त्व म्हणून जे काही असते, त्यातला मोठा भाग शेजाऱ्यांनी सांभाळलेला असतो. तो असा एका सकाळी जातो.

वाचलेले लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. पावणेतीन वर्षांनी, २ एप्रिल २०१७ रोजी, जवळच आमडे येथे नवे माळीण उभे करून त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. पक्की घरे, आखलेले रस्ते, शाळा. परंतु पहिल्याच पावसात काही ठिकाणी भराव खचला, भेगा दिसल्या आणि लोक पुन्हा धास्तावले. बाहेरच्याला ती बांधकामाची त्रुटी होती. रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की उठून बसणाऱ्याला ते तेवढेच नव्हते. २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी, अशा बातम्या आल्या की राज्यभर माळीणचे नाव पुन्हा घेतले जाते. ज्यांच्यासाठी ते उदाहरण नसून घर आहे, त्यांना ते दरवेळी ऐकावे लागते.

काळ हे औषध, असे म्हणतात. त्याच ब्रिकमनच्या अभ्यासात अपघाताने पंगू झालेली २९ माणसेही होती. ती इतरांपेक्षा कमी सुखी होती, तरी लोक समजतात तेवढी दुःखी नव्हती. मात्र काळ एकट्याने काम करत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट हीच की, म्हातारपणीच्या प्रकृतीचा अंदाज माणसाच्या संपत्तीपेक्षा त्याच्या नातेसंबंधांवरून चांगला बांधता येतो. डोंगरातला माणूस ‘माझे मन खचले आहे’ असे डॉक्टरांना सांगत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याने त्यामागचे ओळखायचे असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. घोडेगाव-मंचरपासून दूरच्या वाडीतल्या माणसाला तिचा उपयोग आहे. फक्त तो क्रमांक त्याच्यापर्यंत पोहोचवणारा कोणीतरी लागतो, आणि मोबाइलला रेंज.

जुन्या गावाच्या जागी आता मृतांच्या नावांचा स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० जुलैला नव्या गावातून, आसपासच्या वाड्यांतून आणि नोकरीच्या ठिकाणांहून माणसे तिथे जमतात. वर डोंगराची ती जखम हिरवळीतूनही ओळखू येते. फुले वाहिली जातात, नावे वाचली जातात. कोणी पुढाऱ्यांचे भाषण ऐकत उभा असतो, कोणी बाजूला जाऊन आपल्या घराची जागा अंदाजाने पाहत राहतो. पाऊस बहुधा असतोच. हे दिवस भातलावणीचे. रोपे काढलेली असली की फार वेळ ठेवता येत नाहीत. दुपारपर्यंत बायका पदर खोचून, इरली पांघरून चिखलात उतरतात, आणि ज्या खाचरात माणसे कमी आहेत तिथे शेजारची येऊन उभी राहतात.